तबकडीच्या दोन बाजू

गदगच्या एका शाळकरी मुलाने दुकानात वाजणारी तबकडी ऐकली आणि त्याचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही, ही गोष्ट आपल्या सीमाभागात कोणाला ठाऊक नाही? तबकडी होती मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची. गुरूच्या शोधात १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी घराबाहेर पडलेला तो मुलगा म्हणजे पुढचे पंडित भीमसेन जोशी. घरची भाषा कन्नड, ओढ लागली ती मिरजेच्या गाण्याची, आणि पुढे त्यांचे अभंग गेले ते मराठी घराघरांत.

ही गोष्ट वर्गात सांगताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. तबकडीवर गायकाचे नाव असते, रागाचे असते, कंपनीचे असते. पण ‘हा आवाज उतरवून ठेवण्याजोगा आहे’ असे ज्याने ठरवले, ज्याने गवयाला यंत्रासमोर बसवले, त्याचे नाव सहसा कोठे नसते. आणि ज्यांना त्याने बसवले नाही, त्यांचे तर काहीच उरत नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुटत नाही, कारण इतिहासाचेही असेच असते. ज्याची नोंद झाली तो उरला.

या प्रश्नाचा माग काढताना मला एक ध्वनिमुद्रक भेटला. तो आपल्या मुलखातला नव्हे, थेट अमेरिकेतला. त्याचे नाव सॅम फिलिप्स. त्यांची कथा आपल्यासारख्या दुभाषी वस्तीतल्या वाचकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे.

तीन राज्यांच्या वेशीवर

मेंफिस हे शहर टेनेसी राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसले आहे. नदी ओलांडली की आर्कान्सा राज्य लागते आणि दक्षिणेला थोडेसे गेले की मिसिसिपी राज्य. कापसाची मोठी पेठ म्हणून हे गाव नावारूपाला आले. चंदगड, खानापूर, गोकाक, बैलहोंगल अशा चहूकडच्या गावांची माणसे जशी बेळगावच्या बाजारात एकत्र येतात, तशी तीन राज्यांतली माणसे मेंफिसला येत. फरक इतकाच, की तेथली खरी सीमा नकाशावर नव्हती, ती माणसाच्या कातडीच्या रंगावर होती. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या. बसमधल्या जागाही वेगळ्या. तबकड्यांच्या धंद्यातसुद्धा काळ्यांच्या गाण्यांची यादी वेगळी आणि गोऱ्यांच्या गाण्यांची वेगळी.

सॅम फिलिप्स यांचा जन्म ५ जानेवारी १९२३ रोजी अलाबामा राज्यात, फ्लॉरेन्स गावाजवळ झाला. आठ भावंडांतले ते शेंडेफळ. वडील खंडाने घेतलेली जमीन कसत. शेतात कापूस वेचणारे मजूर काळेही होते आणि गोरेही, आणि वेचताना त्यांची गाणी चालत. सायलस पेन नावाचे एक अंध, वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ फिलिप्स कुटुंबाच्या आश्रयाला होते. ते लहानग्या सॅमला गोष्टी सांगत, गाणी म्हणून दाखवत. कान कसा वापरावा याचा पहिला धडा आपल्याला त्यांच्याकडून मिळाला, अशी कृतज्ञता फिलिप्स यांनी पुढे आयुष्यभर बाळगली.

मुलाला फौजदारी वकील व्हायचे होते. परंतु १९४१ साली वडील वारले. घरी आई आणि एक मूकबधिर मावशी. शिक्षण अर्धवट सोडून त्यांना कामाला लागावे लागले. काही काळ किराणा दुकानात, काही काळ अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्याकडे काम केले, आणि मग ते रेडिओत शिरले. मसल शोल्स, डिकेटर, नॅशव्हिल अशी गावे करत १९४५ साली ते मेंफिसच्या डब्ल्यूआरईसी या केंद्रावर निवेदक आणि ध्वनितंत्रज्ञ म्हणून दाखल झाले. शहरातल्या बड्या पीबॉडी हॉटेलातून वाद्यवृंदांचे कार्यक्रम प्रक्षेपित होत. त्यांची ध्वनिव्यवस्था ते पाहत. नोकरी सुरक्षित होती, पगार नियमित होता. परंतु रोज तेच घोटीव, गुळगुळीत संगीत ऐकून त्यांचा जीव उबला. लहानपणी शेतात ऐकलेला आवाज या यंत्रांपर्यंत पोहोचतच नव्हता.

काहीही, कोठेही, केव्हाही

जानेवारी १९५० मध्ये फिलिप्स यांनी ७०६, युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर रस्त्यालगतचा एक लहानसा गाळा भाड्याने घेऊन ‘मेंफिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ सुरू केली. मदतीला होत्या रेडिओवरच्या सहकारी मॅरियन कायस्कर. भिंतींना आणि छताला ध्वनी शोषणाऱ्या फरशा त्यांनी हौसेने, कष्टाने बसवून घेतल्या. पुढे टीचभर कचेरी, मधे गाण्याची खोली आणि मागे काचेपलीकडे यंत्रांची खोली, एवढाच संसार. धंद्याची बोलायची कामे शेजारच्या उपाहारगृहातल्या टेबलावर होत.

आम्ही काहीही, कोठेही, केव्हाही ध्वनिमुद्रित करून देऊ, हे त्यांच्या दुकानाचे ब्रीद होते. लग्ने, अंत्यविधी, पुढाऱ्यांची भाषणे, जे मिळेल ते काम घेतले. नोकरी सांभाळून हा उद्योग चालला होता. पण पोटाचे काम वेगळे आणि मनातले वेगळे. मिसिसिपीच्या खोऱ्यातले कृष्णवर्णीय गायक आपली गाणी घेऊन जातील असे ठिकाण त्या भागात जवळजवळ नव्हते. मोठ्या कंपन्या न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस येथे. या गाळ्याचे दार मात्र त्यांना उघडे होते, आणि आवाज ऐकून घेण्याचे पैसे पडत नव्हते. बी. बी. किंग यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांपैकी काही येथेच उतरल्या. चाळिशी गाठलेला, शेती करून नदीपलीकडच्या रेडिओवर गाणारा एक धिप्पाड गायक १९५१ साली येथे आला. हाऊलिन वुल्फ या नावाने तो पुढे जगद्विख्यात झाला. आपल्याला सापडलेला सर्वांत मोठा कलावंत हाच, असे फिलिप्स अखेरपर्यंत मानत. एल्व्हिस प्रेस्ली ज्याला सापडला त्या माणसाचे हे मत आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रेडिओ केंद्रातले काही सहकारी यावरून त्यांना घालूनपाडून बोलत. दुहेरी कामाचा ताण आणि वरून ही टोचणी. फिलिप्स यांना मनाचा आजार जडला, रुग्णालयात विजेचे झटके घ्यावे लागले. जून १९५१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. घरी पत्नी आणि दोन लहान मुले असताना सोडली, हे संसारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

कागदाचा बोळा

ध्वनिमुद्रक नेमके करतो काय? बटण दाबतो, असा आपला समज असतो. एक प्रसंग सांगतो.

मार्च १९५१ मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावाहून आईक टर्नर या तरुणाचा वाद्यमेळ गाडीतून मेंफिसला यायला निघाला. वाटेत गिटारचा अॅम्प्लिफायर आपटला आणि त्यातल्या स्पीकरचा पडदा फाटला, असे सांगतात. आवाज घोगरा, फाटका येऊ लागला. दुसरा आणायचा कोठून? फिलिप्स यांनी कागदाचा बोळा करून त्या पडद्यात कोंबला. मग जो गुरगुरणारा, घसा बसल्यासारखा आवाज निघाला, तो दडवण्याऐवजी त्यांनी पुढे आणला. जॅकी ब्रेन्स्टन या गायकाच्या नावाने शिकागोच्या चेस कंपनीने काढलेली ‘रॉकेट ८८’ ही ती तबकडी. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि ‘रॉक अँड रोल’ची पहिली तबकडी म्हणून पुष्कळ जाणकार आज तिच्याकडे बोट दाखवतात.

दुसरी युक्ती ध्वनिफितीची. युद्धकाळात जर्मनांनी विकसित केलेले फितीचे यंत्र युद्धानंतर अमेरिकेत आले आणि १९४८ पासून अँपेक्स कंपनी तशी यंत्रे विकू लागली. फिलिप्स आधी थेट तबकडीवर खोदकाम करत. पुढे त्यांनी अँपेक्सची दोन यंत्रे घेतली. या यंत्रात फीत आधी नोंद करणाऱ्या डोक्यावरून जाते आणि क्षणार्धाने वाचणाऱ्या डोक्यावरून. तो मागून येणारा आवाज त्यांनी मूळ आवाजात पुन्हा मिसळला. परिणाम असा, की लहानशा खोलीत गाणारा माणूस एखाद्या मोठ्या दगडी वाड्यात गात असल्यासारखा वाटू लागला. प्रतिध्वनीसाठी मोठ्या कंपन्यांकडे स्वतंत्र खोल्या होत्या. यांनी ते काम दोन यंत्रांत भागवले.

आणि पुन्हा कागद! जॉनी कॅश या गायकाच्या मेळात ढोल वाजवणारा कोणी नव्हता. गिटारच्या तारांमधून कागद ओवला, की झंकार दबून ताशाच्या काडीसारखा खरखरीत ठेका निघतो. १९५६ सालच्या ‘आय वॉक द लाइन’ या गाजलेल्या गाण्यात तो ऐकू येतो.

हात चुकला, स्वर किंचित हलला, तरी गाण्यात जीव असेल तर फिलिप्स तीच फीत ठेवत. त्यांना निर्दोषपणाची हाव नव्हती. आम्हा मास्तरांना शुद्धलेखन तपासण्याची खोड असते. फिलिप्स यांचा हा गुण मला जरा लाजवतो.

कोणत्या शाळेत शिकलास?

आवाज आपण टिपायचे आणि तबकड्या शिकागोच्या किंवा लॉस एंजेलिसच्या कंपन्यांनी काढायच्या, या व्यवहारात कटकटी होऊ लागल्या. हाऊलिन वुल्फ कोणाचा यावरून दोन कंपन्या भांडल्या, आणि अखेर तो शिकागोला निघून गेला. तेव्हा १९५२ साली फिलिप्स यांनी स्वतःची ‘सन रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली. पिवळ्या कागदावर सूर्यकिरणे आणि मधे आरवणारा कोंबडा, असे तिचे चिन्ह. रूफस थॉमस यांच्या ‘बेअर कॅट’ या गाण्याने १९५३ मध्ये पहिले मोठे यश दिले, आणि दुसऱ्याच्या चालीवर बेतलेले म्हणून खटलाही ओढवून घेतला. त्याच साली टेनेसीच्या तुरुंगातल्या पाच कृष्णवर्णीय कैद्यांना पहाऱ्यात मेंफिसला आणून त्यांचे गाणे मुद्रित केले गेले. लिटल ज्युनिअर पार्कर यांचे ‘मिस्टरी ट्रेन’ हेही १९५३ चेच.

त्याच उन्हाळ्यात एक लाजरा गोरा तरुण आला. ३ डॉलर ९८ सेंट अधिक कर भरून कोणालाही आपली गाणी तबकडीवर उतरवून नेता येत. त्याने दोन गाणी म्हटली. मॅरियन कायस्कर यांनी त्याचे नाव टिपून ठेवले. तो एल्व्हिस प्रेस्ली. वर्षभराने फिलिप्स यांनी त्याला गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांच्याबरोबर बसवले. तारीख होती ५ जुलै १९५४. भावगीते जमेनात. कंटाळून मधल्या वेळात एल्व्हिसने आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे गमतीने, उड्या मारत म्हणायला सुरुवात केली. काचेपलीकडून फिलिप्स यांनी डोके बाहेर काढून विचारले, काय चालले आहे? पुन्हा सुरुवातीपासून म्हणा. आणि यंत्र सुरू केले.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी घातले ‘ब्लू मून ऑफ केंटकी’, बिल मन्रो यांचे, गोऱ्या डोंगरी मुलखातले गाणे. एका बाजूला काळ्यांचे गाणे, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचे. गाणारा एकच. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला यातले मोल समजावून द्यावे लागत नाही.

आता गंमत ऐका. स्थानिक रेडिओवरचे लोकप्रिय निवेदक ड्यूई फिलिप्स (आडनाव तेच, नाते काही नाही) यांनी ही तबकडी वाजवली आणि फोनवर फोन आले. रात्रीच एल्व्हिसला केंद्रावर बोलावले गेले. निवेदकाने सहज विचारल्यासारखे विचारले, ‘कोणत्या शाळेत शिकलास?’ तो म्हणाला, ‘ह्यूम्स हायस्कूल.’ बस्स! ऐकणाऱ्या शहराला कळले, की हा गोरा आहे. कारण ह्यूम्स ही गोऱ्यांची शाळा. रंग विचारण्याची सभ्य रीत म्हणजे शाळा विचारणे!

हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आपल्याकडेही नव्या माणसाला आपण विचारतो, ‘मुलं कोणत्या शाळेत?’ आणि उत्तरावरून घर कोणत्या बाजूचे ते मनात ठरवून टाकतो. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ चा. म्हणजे हे गाणे मुद्रित झाले ते त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी. न्यायालयाने भिंत पाडायला सांगितली होती. गाणे मात्र परवानगी न विचारता त्या भिंतीवरून पलीकडे गेले.

पस्तीस हजार डॉलर

एल्व्हिसच्या पाच तबकड्या ‘सन’ने काढल्या. मागणी वाढली आणि तिथेच अडचण झाली. तबकड्या घडवणाऱ्याचे पैसे आधी द्यावे लागत, विक्रेत्यांकडून वसुली मात्र महिनोन्महिने होत नसे. छोट्या धंद्याला कधी कधी यशच बुडवते, हे आपल्या बाजारपेठेतला कोणताही दुकानदार सांगेल. अखेर नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी एल्व्हिसचा करार आरसीए या बलाढ्य कंपनीला ३५,००० डॉलरना विकला. पुढे एल्व्हिसने जे मिळवले ते पाहून लोक त्यांना विचारत, पस्तावलात का? ते म्हणत, नाही. त्या पैशांनी कर्ज फिटले आणि इतरांच्या तबकड्या निघाल्या. कार्ल पर्किन्सचे ‘ब्लू स्वेड शूज’ १९५६ च्या आरंभी बाहेर पडले आणि दहा लाखांवर खपले. १९५७ मध्ये जेरी ली लुईस गाजला. ऑक्टोबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी डब्ल्यूएचईआर हे रेडिओ केंद्रही सुरू केले होते. तेथे निवेदक जवळजवळ सर्व स्त्रिया होत्या. त्या काळी हे धाडसच म्हणायचे.

पुढे कॅश, पर्किन्स मोठ्या कंपन्यांकडे गेले. १९६० मध्ये मॅडिसन अव्हेन्यूवर नवा, मोठा, अद्ययावत स्टुडिओ झाला, पण जुन्या गाळ्यातली धग त्यात उतरली नाही. १९६९ मध्ये फिलिप्स यांनी ‘सन’ विकून टाकली. ३० जुलै २००३ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी युनियन अव्हेन्यूवरचा तो गाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला.

दुसरी बाजू

येथे थांबलो असतो तर हे चरित्र गोड झाले असते. पण तबकडीला दुसरी बाजू असते.

एल्व्हिसनंतर ‘सन’च्या यादीत गोऱ्या तरुणांची नावे वाढत गेली आणि कृष्णवर्णीय गायकांची झपाट्याने कमी झाली. ज्यांच्यासाठी दुकान काढले, ते दुकानाबाहेर राहिले. ज्यांनी पहिले यश मिळवून दिले, त्या रूफस थॉमस यांनी ही खंत पुढे उघडपणे बोलून दाखवली. १९५३ साली ज्युनिअर पार्कर जे ‘मिस्टरी ट्रेन’ गायले, तेच १९५५ साली त्याच खोलीत एल्व्हिस गायला. आज त्या गाण्याचे नाव घेतले की पुष्कळांना एल्व्हिसच आठवतो. काळ्यांचा बाज असलेला गोरा गायक मिळाला तर आपण अमाप पैसा करू, असे फिलिप्स म्हणत, ही मॅरियन कायस्कर यांची आठवण. पैशाचा हव्यास आपला नव्हता, असे फिलिप्स सांगत. मला दोघांचेही थोडे थोडे खरे वाटते. काळ्यांच्या तबकड्या गोऱ्यांच्या दुकानांत ठेवून घेत नसत. गोऱ्या मुलाच्या तोंडून तेच गाणे मात्र सगळीकडे गेले. भिंत ओलांडली गेली खरी, पण ओलांडताना गाणे पुढे गेले आणि ज्यांचे ते गाणे होते ते मागे राहिले. फिलिप्स यांना याची जाणीव होती. तरी ते घडले, आणि त्यांच्याच हातून घडले.

तरीही एक गोष्ट उरते. पार्कर यांची मूळ तबकडी आहे. हाऊलिन वुल्फचा १९५१ चा आवाज आहे. कैद्यांचे गाणे आहे. आज कोणीही दोन्ही तबकड्या शेजारी ठेवून ऐकू शकतो आणि स्वतः निवाडा करू शकतो. अन्याय झाला हे सांगायलासुद्धा नोंद लागते. नोंदच नसती, तर तक्रार कशाच्या आधारावर केली असती?

शाळेतला टेपरेकॉर्डर

आता माझी स्वतःची एक चूक सांगून थांबतो. मी नव्याने शिक्षक झालो तेव्हा शाळेत एक टेपरेकॉर्डर होता. स्नेहसंमेलनाची गाणी वाजवण्यापलीकडे त्याचा उपयोग नसे, आणि तो कपाटात कुलूपबंद असे. शाळेत झाडलोट करायला एक वृद्ध बाई येत. आम्ही सारे त्यांना आक्का म्हणत. माहेर कानडी मुलखातले, सासर मराठी. दुपारी ओट्यावर बसून धान्य निवडताना त्या जात्यावरच्या ओव्या म्हणत. पहिली ओळ मराठी, दुसरी कन्नड, आणि दोन्हींचा सूर एकच. मी एकदा म्हणालो, ‘आक्का, तुमच्या ओव्या टेप करायच्या आहेत.’ त्या हसून म्हणाल्या, ‘माझं कसलं रे गाणं मास्तर, ते दळताना म्हणायचं.’ मीही म्हटले, संमेलन आटोपू दे, मग करू. नंतर परीक्षा आल्या, मग सुटी लागली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आक्का नव्हत्या. बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या लाखभर ओव्या कष्टाने जमवल्या, हे पुढे वाचले तेव्हा आक्कांची आठवण होऊन मला ओशाळल्यासारखे झाले. यंत्र माझ्या हाताशी होते. किल्लीसुद्धा माझ्याकडेच होती.

गेली काही वर्षे दिवाळीच्या सुटीत मी मुलांना एकच गृहपाठ देतो. घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत वयस्क माणसाचे एक गाणे फोनमध्ये उतरवून आणायचे. भाषा कोणतीही चालेल. अशुद्ध असले तरी चालेल. मधे कुत्रे भुंकले, कुकरची शिट्टी झाली तरी पुसायचे नाही. गेल्या वर्षी एका मुलीने आजीचे गाणे आणले. अर्धे मराठी, अर्धे कन्नड, आणि शेवटी आजी विचारते, ‘झालं का ग? आता बंद कर.’ तेवढे काढून टाकू का, असे मुलीने विचारले. मी म्हटले, नको, राहू दे.